सेंगमलमची जन्मवेळ

आरणी,
तै महिना ९, २००३

सेंगमलम,

अनेक आशीर्वाद. नावाआधी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा मंगै जास्त. मागावर जांभळी साडी चढवली आहे, काठाला मोर. कयलसाठी. न्हाण आलेल्या भाचीला मामानं द्यायची पहिली साडी दुकानातली कशाला?

चार वर्षांनी तुझं पत्र आलं. हिरव्या झावळ्यांची खोपी मामानंच बांधायची, ती बांधायला कोणी नाही, पोर परसातल्या खोलीत नुसती बसून आहे, असं तू लिहिलंस. 'भांडण आपलं दोघांचं, अण्णा. पोरीनं काय केलं? सोळाव्या दिवशी तू आला नाहीस, तर तिला तशीच उठवीन.' मला यायचं आहे गं. पण आधी हे वाच. वाचूनही बोलावलंस, तरच येईन.

नटेसन गेला त्या दिवशी मी आलो नाही, असं तुला वाटतं. आलो होतो. माहेरची कोरी साडी काखेत घेऊन तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. हलगी थांबली होती, प्रेत उचलायचं खोळंबलं होतं आणि तू ओरडत होतीस, "माझा अण्णा येईल, थांबा!" विधवा बहिणीच्या अंगावर ती साडी भावानंच घालायची. मी चहाच्या टपरीमागे उभा राहिलो आणि मग परतीच्या बसमध्ये जाऊन बसलो. शेवटी चुलत्याच्या पेरुमाळनं कुठलीशी साडी आणून घातली, हे नंतर कळलं.

माझे हात का उचलले गेले नाहीत, ते सांगतो. तुझी तीन स्थळं आल्या पावली परत गेली होती. कडक मंगळ. आईवेगळी तू, आठव्या वर्षापासून माझ्या ताटात जेवलेली. शेजारीण म्हणायची, "वेलायुधम, बहिणीला आता मागालाच बांधून ठेव." मी जोशांकडे गेलो, तुझी जन्मवेळ दोन तास पुढे सरकवली आणि नवी पत्रिका करून घेतली. तीच नटेसनच्या घरी दिली. त्यानं ती धड उघडलीसुद्धा नाही, तुझ्याकडेच बघत बसला होता.

तेहतिसाव्या वर्षी तो सायकलवरून छाती धरून पडला. मंगै म्हणते, "अहो, छातीतली कळ काय पत्रिका वाचून येते?" तिचं खरंही असेल. पण मी मागावर बसलो की तो समोरच्या उंबऱ्यावर येऊन बसतो, भर दुपारी, पान चघळत. "मेव्हणे, तुमच्या बहिणीच्या हातचं खाऊन मी शंभरी गाठणार!" तेवढंच म्हणतो. राग नसतो त्याच्या आवाजात, तेच सहन होत नाही. उंबऱ्यावर सुताच्या पेट्या रचून पाहिल्या. आता तो पेटीवर बसतो.

तू कयलच्या न्हाणाची वेळ पाठवलीस आणि लिहिलंस, 'त्याच जोशांकडून या वेळेवरून हिची न्हाणाची पत्रिका करून आण, लग्नाला तीच बघतात. माझी किती चांगली केली होती.' ते वाचून पत्र घडी घालून सुताच्या पेटीत ठेवलं. तरी परवा गेलो. म्हातारा अजून आहे, दिसतं कमी. बोटांवर बराच वेळ मोजत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, हिलाही तसाच मंगळ आहे. वेळ सरकवू का थोडी?"

सेंगा, मी नाही म्हणालो नाही. तुझं उघडं कपाळ डोळ्यांसमोर होतं, नटेसन तर होताच, आणि तरी तोंडातून 'नाही' फुटेना. मला फक्त कयल दिसत होती, स्थळ परत गेल्यावर चहाचे पेले विसळणारी, तुझ्यासारखीच. "उद्या सांगतो," म्हणून उठलो. तो उद्याही होऊन गेला, आणि जोशी वाट बघतोय.

त्याला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावर सोपवू नकोस. माझी खात्री आहे, मी पुन्हा तेच करीन.

ज्यानं तुझं लग्न लावलं आणि तुझं कुंकूही पुसलं, तो तुझा
अण्णा