उतारावरून एकेकानं

५ फेब्रुवारी, चोपडा
विशूचा फोन. सीमेवर, वर डोंगरातल्या त्यांच्या चौकीवर सारखं बर्फ पडतंय. शोभाचं वर्षश्राद्ध चौदाला. म्हटलं, आईच्या श्राद्धाला यायचंच, तुझ्याशिवाय कोण आहे तिला? रजा मिळालीय त्याला. पण खाली यायची वाट एका उतारावरून जाते आणि तिथलं बर्फ कधीही सुटेल म्हणतो. म्हटलं, मला काही सांगू नको, ये. जरा तोडूनच बोललो.

७ फेब्रु.
आज त्यानं नीट समजावलं. थरावर थर बसतात. खालचा साखरेसारखा सुटा राहतो, वरचा जड होतो, माणसाचं वजन पडलं की अख्खा खाली. कळलं मला. जिनिंगमध्ये जन्म गेला, कापसाची गंजी अंगावर येताना पाहिलीय. म्हटलं, मग सगळे मिळून तुडवा की. आम्ही तुडवूनच गंजी बसवायचो. हसला. "आबा, तिथं एकेकानं जायचं. बाकीच्यांनी लांबून बघायचं." पुढे कोण जातं विचारलं, तेवढ्यात फोन कटला.

९ फेब्रु.
तिकडे ऊन पडलं म्हणून खूश झालो. फोनवर बर्फ कोसळण्याचा इशारा बघतो तर काल नारिंगी, आज लाल. उन्हानं बर्फ आणखी सुटतं म्हणे. कसला मुलूख आहे हा.
शेजारच्या अक्का, "पोऱ्या ई जाई आबा. बठ्ठा दिन फोन काय देखतस?" येईल म्हणे पोरगा. पण दिवसभर घरात दुसरं बघायला आहे काय?

१० फेब्रु.
सकाळी मेसेज टाकला. येऊ नकोस, आईचं मी करतो. एकच टिक.
दुपारी त्याचा आला, पहाटे पाठवलेला. 'निघालो आबा. पुढे मीच आहे.'
जेवण गेलं नाही.

१२ फेब्रु.
टिक एकच. त्याच्या युनिटचा नंबर लावला. वाट बंद आहे, कळलं की कळवू. माझं हिंदी तुटकं, 'मेरा लडका' एवढंच परत परत बोललो. मी ये म्हटलं म्हणून निघाला तो. दुसरं काही कारण नाही.

१४ फेब्रु.
आज श्राद्ध. अक्कांनी खीर-वडे सगळं केलं. गुरुजी म्हणाले, "मुलगा नसला तरी चालतं. तुम्ही बसा पाटावर, हातात पाणी घ्या." बरोबर आहे त्यांचं. पण मी बसलो की तो येत नाही हे मीच ठरवल्यासारखं होईल. म्हटलं, थांबा जरा. ते ओसरीवर बसलेत, मी आत हे लिहितोय. वेळ टळेल म्हणतात.
शोभा, भुकेली असशील. थोडं थांब.