नानांनी हिरवळ का खणली

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि पत्र आज लिहितेय. बँकेत रजा टाकलीय. काल सोसायटीच्या सभेत जे ऐकलं, ते डोक्यातून जात नाहीये. आईला सांगायचा धीर होत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. नाना, मला का नाही सांगितलंत?

विषय मीच मांडला होता. 'नानांच्या स्मरणार्थ पुढच्या अंगणात पुन्हा हिरवळ लावू या.' मुलगी म्हणून एवढं तरी करावं, असं वाटलं हो! विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकून काढलीत, आणि साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ येताजाता बघत राहिलात. रिटायर झाल्यावर मुलुंडला आपल्या बिल्डिंगपुढे तश्शीच लावलीत. गुडघ्यांवर बसून कात्रीने तिच्या कडा कापायचात. आईला तिथे वाळवण घालायचीसुद्धा बंदी. "पापड गच्चीवर!" आणि मग गेल्या वर्षी तुम्हीच ती खणून काढलीत, तिथे रान वाढू दिलंत.

आपले चेअरमन ठक्करभाई तर खूश झाले. "एकदम बरोबर, सुमनबेन! ते जंगल साफ करू. नानाजींच्या नावाची पाटीपण लावू." हात वर व्हायला लागले.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या मालतीकाकू उभ्या राहिल्या. सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या मालतीकाकू!

"सुमे, हात खाली घे आधी. तुझ्या वडिलांनी ती हिरवळ का खणली, ठाऊक आहे तुला?"

"वय झालं होतं, काकू. काहीतरी डोक्यात घेतलं त्यांनी."

"काही वय झालं नव्हतं. मी तिथेच होते."

गेल्या वर्षी, शहाऐंशीच्या पावसाळ्यात, हिरवळीला पिवळे चट्टे पडले होते. ते मलाही आठवतं. उकरून बघितलंत तर खाली हुमणी, मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळ्या. तुम्ही दुकानातून दाणेदार औषध आणलंत आणि नाकाला पंचा बांधून सगळीकडे टाकलंत. "आता बघ, आठ दिवसांत गालिचा होतो की नाही!" म्हणालात. माझी गोष्ट इथेच संपत होती. पुढची काकूंकडे होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या दुधाला निघाल्या, तर तुम्ही हिरवळीवर ओणवे. मेलेल्या साळुंक्या वेचत होतात. विषाने तडफडत वर आलेल्या अळ्या त्यांनी खाल्ल्या होत्या. अकरा साळुंक्या, नाना! अकरा! आणि एक दयाळ. एक साळुंकी अजून धुगधुगत होती म्हणे. तिच्या चोचीत तुम्ही बोटाने पाणी सोडत होतात. ती तुमच्या हातातच गेली. सगळ्यांना पंच्यात गुंडाळून मागच्या भिंतीशी पुरलंत आणि काकूंना म्हणालात, "वहिनी, पाया पडतो, कुणाला बोलू नका. सुमीला तर नकोच. ती लहानपणापासून त्यांना पोळी घालते."

वर केलेला हात मी आत्ता कुठे खाली घेतला.

त्याच दिवशी मी बँकेतून आले तर अर्धी हिरवळ उलथलेली! तुमच्या हातात कुदळ, अंगभर चिखल. काय बोलले मी तुम्हाला, फाटकाशी, चार लोकांसमोर! "नाना, वेड लागलंय का? लोक हसतायत. डॉक्टरला दाखवायचं का?" तुम्ही घाम पुसलात. "सुमे, मी केलंय, मलाच निस्तरू दे," एवढंच बोललात. मला वाटलं, चिखलाबद्दल बोलताय. एकदा, एकदा तरी विचारायला हवं होतं, काय केलंत म्हणून!

पण तुमचंही चुकलंच. मी चिडले असते, रडले असते, दोन दिवस अबोला धरला असता. तिसऱ्या दिवशी कुदळ धरली असती ना तुमच्याबरोबर!

विषारी माती तुम्ही एकट्याने गोणींत भरलीत. मग दर रविवारी डोंगराच्या बाजूला जाऊन पिशवीतून रोपं आणायला लागलात. अडुळसा, रुई, करवंद. मध्ये लिंबू, कढीलिंब. गवत वाढेल तसं वाढू दिलंत. पाण्याची मातीची परळं ठेवलीत, डासांची तक्रार नको म्हणून रोज पाणी बदललंत. कढीलिंबाचा सुरवंटांनी खराटा केला तेव्हा आई ओरडली, तर म्हणालात, "खाऊ दे गं, फुलपाखरं व्हायचीत." आणि मी त्या सगळ्याला उकिरडा म्हणायची.

रोज सकाळी स्टुलावर बसून तुम्ही कुणाची वाट बघत होतात, ते मला काल कळलं. फेब्रुवारीत एकदा तुम्ही खालून हाका मारल्या होत्या. "सुमे, ये लवकर! आल्या बघ, आल्या!" मी वेणी घालत होते. "नाना, उशीर होतोय," म्हणाले आणि आलेच नाही. पंधरा-वीस दिवसांनी तुम्हाला अटॅक आला. साळुंक्या परत आल्या होत्या, हो ना? किती होत्या?

सभेत मी माझा ठराव मागे घेतला. ठक्करभाईंनी चष्मा काढून पुसला. "पाटी राहू दे," म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचे जोशी मात्र अडून बसले. "झालं ते वाईटच, पण उद्या साप निघाला तर कोण बघणार?" त्यांचंही खोटं नाही. शेवटी ठरलं: बाग वर्षभर राहील, मधून मुलांना जायला-यायला वाट काढायची, आणि औषध कुठलंही टाकायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणे. आज सकाळी खाली गेले तर जोशीच आधी उभे होते, वाट कुठून काढायची ते पावलांनी मोजत.

नाना, आईला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. अर्धवट नाही, अकराच्या अकरा. बाग मी बघेन. करवंद अजून घोट्याएवढंच आहे, त्याला फळ धरेपर्यंत वर्ष काय, चार वर्षं भांडायला लागलं तरी भांडेन. आणि यापुढे घरातलं कुणी काही विचित्र करताना दिसलं, तर ओरडायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन बसेन.

तुम्हाला वेडं म्हणालेली,
तुमची सुमी