घारीशी बोलायचं नाही

४ मार्च
घारीचं पिल्लू आलं! घरटं विजेच्या खांबावरून पडलं, त्यातून हे एकटं वाचलं. जखमी पक्ष्यांच्या केंद्रात जागा नाही, म्हणून माझ्या मागच्या खोलीत. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई – भाचीच्या वयाच्या – खोकं ठेवता ठेवता दम देऊन गेल्या. "काकू, डोक्यावरून चादर घ्यायची, चिमट्याने भरवायचं आणि तोंडातून चकार शब्द नाही. आपल्या आवाजाची सवय लागली की मोठेपणी माणसांजवळच घुटमळते. मग कुणीतरी काठी घालतं."

आणि सांगितलं कुणाला? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नुसती बोलत बसलेल्या बाईला!

५ मार्च
सहा वेळा भरवलं. गप्प.

११ मार्च
हावरट! चिमटासुद्धा गिळेल. चादर घेतलेली मी आज आरशात दिसले आणि दचकलेच. हसू आलं, पण हसणंही आवाजच, म्हणून चादरीचा बोळा तोंडात कोंबला.

आज कुणाशी बोलले? दूधवाल्याशी. "एकच पिशवी." बस्स.

१९ मार्च
बोलले. लिहितानाही लाज वाटते.

धाकटीचा फोन आला होता. "ताई, घाईत आहे गं, रविवारी करते." मागचा रविवारही असाच गेला. फोन ठेवून मागे गेले, चादर विसरले आणि म्हटलं, "बघ, तुझ्या मावशीला वेळ नाही." पिल्लाने मान वाकडी करून ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं! असं माझं कुणी ऐकलं त्याला किती महिने झाले, देव जाणे.

२० मार्च
पुन्हा बोलले.

६ एप्रिल
आता रोजच. सकाळी पेपर वाचून दाखवते, संध्याकाळी शेजाऱ्यांच्या चहाड्या. तोंड उघडायचा अवकाश, उडत येऊन मनगटावर बसते. नखं रुततात. रुतू देत.

२१ एप्रिल
डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. नियमाप्रमाणे एक शब्द न बोलता आत गेल्या. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. परकं माणूस पाहून ती कपाटामागे दडली म्हणे. बाहेर येऊन म्हणाल्या, "वा काकू! माणसाला घाबरते. रविवारी सोडू." बोललात का, हे विचारलंही नाही. माझ्यावर इतका भरवसा! मी खाली मान घालून चहा ओतत राहिले.

खरं सांगितलं तर माझ्याकडे पुन्हा एकही पिल्लू येणार नाही. घर चिडीचूप. नाही सांगितलं तर ही रविवारी उडेल, कुठल्या तरी खिडकीतून बाईचा आवाज ऐकेल आणि खुशाल आत शिरेल.

२२ एप्रिल
सांगितलं. फोनवरच – समोरासमोर धीर झाला नसता. कधीपासून, रोज किती वेळ, सगळं विचारून घेतलं त्यांनी. मग, "आजच नेते. मोठ्या पिंजऱ्यात घारींबरोबर ठेवून बघू. सुधारली तर सुधारली. तुम्ही तिकडे फिरकायचं नाही."

नेली. माझं केंद्राचं ओळखपत्रही त्यांनी मागून घेतलं. खोली झाडली. दोनदा झाडली.

३० मे
काही कळवलेलं नाही. विचारायला मला तोंड नाही.

१४ जून
डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. "काकू, शेवटची परीक्षा तुमच्या आवाजाची. हवं ते बोला." जाळीपलीकडे पाच घारी. आमची कुठली, मलाच कळेना! बोलू लागले – पहिल्यांदाच परवानगीने. पाचही भेदरून पार टोकाला गेल्या. एकीनेही मला ओळखलं नाही.

उद्या सोडणार!