उन्हासाठी बाहेर ठेवलेला बाळकृष्ण

अ‍ॅमस्टेलव्हीन, १६ जून २००६

ती. सौ. नंदाताईस धाकट्या मंजूषाचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? पार्सल पोचले. भाजणी, मेतकूट आणि मुंडावळ्या. मालापेक्षा टपालखर्च तिप्पट, तुझे देणे म्हणून वहीत लिहून ठेवला. (मुंडावळ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आल्या. कागदाच्या बांधल्या होत्या.)

मृण्मयीचे लग्न पार पडले, पण माझे काय झाले ते वाच. हॉलचे भाडे ऐकूनच मी लग्न मागच्या बागेत करायचा हट्ट धरला. हे रोज ऐकवायचे, "पावसात अक्षतांचा भात होईल." शेजारच्या नोराबाई आयर्लंडच्या खेड्यातल्या. त्यांच्याकडे पाकोळ्या खाली उडाल्या, मांजर शेगडीकडे पाठ करून बसले किंवा लांबचा डोंगर जवळ दिसला की पाऊस येतो म्हणे. (इथे डोंगरच नाही, तेव्हा ती खूण बाद.) आदल्या दिवशी त्यांच्या मांजराने पाठ फिरवली! त्यावर त्यांच्या गावचा उपाय असा, की लग्नाच्या आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती उघड्यावर ठेवायची, ऊन पडतेच. त्या आपली मूर्ती देत होत्या, पण घरात बाळ असताना दुसऱ्याचे बाळ कशाला गारठवायचे? मी सासूबाईंचा रांगता बाळकृष्ण आसनासकट फाटकाबाहेर ठेवला.

दुसऱ्या दिवशी नको असलेले सामान रस्त्यावर ठेवायची पाळी होती, हे मला कुठून ठाऊक? असे सामान इथे कुणीही उचलून न्यावे, अशी रीत. सकाळी शेजाऱ्यांची मोडकी खुर्ची होती, देव नव्हता.

आणि ऊन? डोळे दिपतील असे. मंगलाष्टकांत मी हमसून रडले, तर जावयाच्या, राजसच्या आईने मला जवळ घेतले. "अहो, हार्लेम काही परदेश नाही, पोर येईल दर आठवड्याला."

चार दिवसांनी तो दिसला. समोरच्या घराच्या खिडकीत, दोन निवडुंगांच्या मध्ये. (इथे खिडकीला पडदे ओढत नाहीत.) मी रोज रस्त्यावरून हात जोडते, आतली बाई हात हलवते. हे म्हणाले, "मागायला जा की. सांग, पाऊस नको म्हणून देव कचऱ्यात ठेवला होता."

तुझी,
मंजूषा

ता. क. सासूबाई दिवाळीला येताहेत. देव त्यांच्या माहेरचा. तुळशीबागेत तसाच मिळतो का बघ. चकचकीत नको, चिंचेने घासघासून नाक जरा झिजव, मग पाठव. कुणाला बोलू नकोस.

आणखी एक. सध्या फुटबॉलचे दिवस, म्हणून त्या बाईने त्याला इथल्या संघाच्या रंगाचा केशरी अंगरखा विणून घातलाय. पुढ्यात ताजे फूल, काल तर बिस्किटही होते. आमच्याकडे वर्षाला एक अंगरखा, तोही जुन्या पोलक्याचा. तिथे तो इतका खुशीत दिसतो, की माझा पायच त्या दाराकडे वळेना. गुरुजींना माझे नाव न सांगता विचार, परत मागू की राहू देऊ? उलटटपाली कळव.