गल्लीतली पुडी आणि माझं भाषण

२९ मार्च, रविवार
ह्यांच्या ऑफिसची जुनी डायरी सापडली. तारखा चुकीच्या आहेत, खोडून लिहीन. सातवी शिकलेल्या बाईने रोजनिशी लिहू नये असा काही कायदा नाही.

जयंतीच्या कार्यक्रमात बायकांचा वादविवाद आहे. विषय: नशेचे पदार्थ कायदेशीर करावेत का. १२ एप्रिलला, इथेच सरोजिनी नगरच्या हॉलमध्ये. "करू नयेत" म्हणून मी नाव दिलं. "करावेत" म्हणून कोण? माझीच लेक श्रावस्ती! वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मुनिरकात खोली घेऊन राहते. अभ्यासाला शांतता लागते म्हणे. शांतता! तिथे बाल्कनीतून हात बाहेर काढला तर समोरच्याच्या भाजीत पडतो.

पैज लावली. मी जिंकले तर ती खोली सोडून घरी येणार. ती जिंकली तर मी मिश्री सोडायची आणि गालात आतून आलेला पांढरा डाग डॉक्टरला दाखवायचा. मी लगेच हो म्हटलं. पोरगी घरी आलीच समजा.

३० मार्च
एक गोष्ट लिहून ठेवते. मिश्री ही नशा नाही. तंबाखू भाजून केलेली पूड आहे, दात घासायची. आमच्या परभणीकडे सगळ्या बायका घासतात. मी दिवसातून सहा वेळा घासते, कारण मला स्वच्छता लागते. नशा करणार नाही हे पाचवं शील मी रोज म्हणते. त्यात मिश्रीचं नाव नाही.

१ एप्रिल
भाषण तयार. पहिलं वाक्य: खून रोज होतात, म्हणून काय खुनाचं लायसन्स द्यायचं? ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, छान आहे, पण तोंडातलं थुंकून बोल, काही कळत नाही.

श्रावस्तीने फोनवर तिचा मुद्दा सांगितला. आई, बंदीने माल थांबत नाही गं, फक्त गल्लीत जातो. आणि गल्लीतल्या पुडीवर ना नाव ना लेबल. आत काय मिसळलंय कोणाला ठाऊक? माणूस आंधळा होऊन घेतो आणि मरतो.

मी म्हटलं, मग घेतोच कशाला मूर्ख? तिने फोन ठेवला. म्हणजे हरली.

२ एप्रिल
ब्लॉकच्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, "नशा पर नज़र". पहिली सूचना मीच टाकली: जिन्यात विचित्र वास आला तर विचार करायचा नाही, सरळ गार्डला बोलवायचं. वरच्या मजल्यावरच्या नीलाताईंनी तीन अंगठे पाठवले. पुण्याच्या आहेत, त्यांना नियम आवडतात.

४ एप्रिल
मिश्रीचा डबा तळाला गेला. बहिणीचं पार्सल आलं, पण आत नुसती शेंगदाण्याची चटणी आणि चिठ्ठी. ताई, श्रावस्तीचा फोन आला होता, मिश्री पाठवू नकोस म्हणाली, रागावू नकोस.

अच्छा! स्वतः गांजा कायदेशीर करायला निघालीय आणि आईच्या दातांवर बंदी!

ठीक आहे. नाही लागत मला. आत्तापासून बंद. दाखवते.

४ एप्रिल, दुपारी
डोकं दुखतंय. ह्यांच्यावर ओरडले. ते फक्त चहा मागत होते.

५ एप्रिल
मार्केटमध्ये कोथिंबीर आणायला गेले होते. चपलांच्या गाड्यांमागे एक पिवळ्या टोपीवाला सुटा तंबाखू विकत होता. मी शोधत नव्हते, तोच दिसला. तिसऱ्या गल्लीत. विचारलं, इसमें क्या-क्या है भैया? म्हणाला, माताजी, बिल्कुल ए-वन माल. माणूस सज्जन वाटला. कागदात बांधून दिला.

कोथिंबीर राहिली.

७ एप्रिल, सकाळी ११
तंबाखू तव्यावर भाजायला घेतला. काळा होईपर्यंत भाजावा लागतो. आमच्याकडे अंगणात भाजतात, इथे तिसऱ्या मजल्यावर अंगण कुठून आणू? धूर झाला थोडा.

मग जिन्यात खोकला सुरू झाला. ग्रुपवर नीलाताई: "वास! वास! गार्डला बोलावलंय!" गार्ड आला, मागे पाच बायका. मी तोंडाला पदर लावून बाहेर आले आणि म्हटलं, चला, मी पुढे होते. गच्चीपर्यंत शोध घेतला. टाकीमागेही बघितलं. कोणी सापडलं नाही. गार्ड म्हणाला, आंटीजी, स्मेल तो आपकी तरफ़ से ज़्यादा है. मी म्हटलं, हवा उलटी आहे.

नीलाताई म्हणाल्या, कौसल्याताई, तुमच्यामुळे आम्हाला आधार वाटतो.

तवा जळाला.

९ एप्रिल
नवी मिश्री जरा कडक आहे. लावली की कानात शिट्टी वाजते. ताजी असल्यामुळे.

१२ एप्रिल, सकाळी ९
आज निकाल. श्रावस्तीच्या खोलीतून शिलाई मशीन काढलं, चादर बदलली. ती रात्री इथेच जेवेल. धीर यावा म्हणून निघण्याआधी दोनदा घासून घेतली. बरं, तीनदा.

१२ एप्रिल, संध्याकाळी
हॉलमध्ये पंखा नीट चालत नव्हता. हे आधी लिहिते.

खुनाच्या लायसन्सवर टाळ्या पडल्या. मग मी बोट वर करून म्हटलं, जी बाई अनोळखी माणसाकडून पुडी घेते तिला अक्कल... आणि हॉल फिरला. घाम. पाय गेले. टेबलाला धरून खाली बसले आणि ओकले, अध्यक्षीणबाईंच्या पर्सशेजारी. पर्सवर नाही.

श्रावस्ती धावली. डोकं मांडीवर घेतलं. आई, काय लावलंस? कुठून आणलंस? मी खरं सांगितलं, त्या वेळी सुचलंच नाही दुसरं. पिवळ्या टोपीवाल्याकडून गं. काय होतं त्यात? मला काय माहीत! पुडीवर काही लिहिलेलंच नव्हतं.

माइक माझ्या हातातच होता. चालू.

अख्ख्या हॉलने ऐकलं. पहिल्या रांगेतून नीलाताई म्हणाल्या, म्हणजे तो वास...

श्रावस्तीला पुढे बोलावंच लागलं नाही. परीक्षकांनी एकमताने तिला जिंकवलं. ती मात्र रडत होती. जिंकल्यावर कोण रडतं?

१५ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही व्यसन? मी म्हटलं, नाही. श्रावस्ती म्हणाली, आई. मी म्हटलं, दात घासते. बाईंनी टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं. डागाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. शनिवारी कळेल. हे बाहेर बाकावर माझी पर्स छातीशी धरून बसले होते.

१६ एप्रिल
श्रावस्ती बॅग घेऊन आली. मुनिरकाची खोली सोडली. म्हणाली, शनिवारपर्यंत आणि त्यानंतरही मी इथेच.

पैजेत काय ठरलं होतं? पोरगी घरी. आली की नाही? म्हणजे जिंकले मीच.

डबा तिने कुठे लपवलाय ते सांगत नाही. पिठात नाही. गादीखाली नाही. आत्ता शोधताना मागे येऊन उभी राहिली, म्हटलं, कोथिंबीर शोधतेय. हसली नाही. हात धरून बसवलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

जीभ सारखी त्या डागाकडे जाते. शनिवारला अजून दोन दिवस आहेत.