आक्का, कंपायलर बसला!

उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायांवर तुझ्या पाठच्या सयाजीचं डोकं. इकडं आम्ही सगळी धडधाकट. तुझा गुडघा काय म्हणतोय? दाजींना सांग, पैंजणांच्या बारीक कामातनं डोळ्यांना जरा विसावा द्या (ऐकणार नाहीत, पण मी सांगितलं होतं एवढं ध्यानात राहू दे). फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापतेस आणि आपल्या घरचं अख्ख्या हुपरीला कळतं. म्हणून भट्टीवरच्या केरबाच्या हाती हे पत्र देतोय, तो आज तुमच्या हुपरीकडंच निघालाय. चष्मा लावून, बसून वाच.

आपला धाकटा विजू आणि माझं वाजलंय, हे तुझ्या कानावर आलं असेलच. म्हणजे त्याची बाजू आली असेल. आता खरी बाजू ऐक. आपल्या फौंड्रीत आपण पंपाची बॉडी ओततो, तिच्या पोटात हल्ली पोकळी निघायला लागली. लोखंड निवताना आकसतं, म्हणून साच्यात वरच्या अंगाला जादा लोखंडाचा एक गोळा ठेवतात. त्याला रायझर म्हणतात. बॉडी आकसायला लागली की तो तिला लोखंड पुरवतो (चांदीवाल्यांच्या घरात नांदतेस, तुला ओतकामातलं काय सांगायचं म्हणा). मी म्हटलं, रायझर मोठा करू. विजू म्हणाला, रायझर आहे तो बरा आहे, लोखंड साच्यात शिरायची वाटच बदलू. एवढ्यावरनं तो मला कागदी इंजिनिअर म्हणाला. मी त्याला काय म्हणालो ते थोरल्या बहिणीच्या पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि गेला तो परत फौंड्रीत फिरकलाच नाही. आणि पंपवाल्या गिऱ्हाइकानं तर सरळ सांगितलंय, पुढच्या खेपेला पोकळी दिसली तर काम दुसऱ्याकडं.

मी म्हटलं, भांडायचं कशाला, कॉम्प्युटरलाच विचारू. एक सॉफ्टवेअर असतं आक्का, ते लोखंड न वितळवता पडद्यावरच कास्टिंग ओतून दाखवतं. कुठं आधी निवेल, कुठं पोकळी पडेल, सगळं रंगीत. ते आपल्याकडं घेऊन पडलंच होतं. आपलं लोखंड कसं निवतं याचं गणित कॉलेजातल्या भैरवी मॅडमनी एका फाइलमध्ये लिहून दिलं. पण ते माणसाच्या हातचं लिहिणं, ते यंत्राच्या भाषेत सांगायला मध्ये एक दुभाषी लागतो. त्याचं नाव कंपायलर. (पाठ कर, चारचौघांत बोलायला बरं पडतं.)

मी बाजारातला सगळ्यात नवा कंपायलर बसवला. सॉफ्टवेअर म्हणालं, कंपायलर सापडत नाही. तुझ्या डोळ्यादेखत बसवलाय की लेका! परत बसवला, परत तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू करणे हा जाणकारांचा उपायही मी सढळ हातानं केला. शेवटी मॅडमना फोन लावला. अडलो होतो असं नाही, त्यांचं मत माझ्याशी जुळतंय का एवढंच बघायचं होतं.

"सर, तुमचं सॉफ्टवेअर कधीचं आहे?"

"असंल की चार-पाच वर्षांमागचं."

"आणि कंपायलर?"

"एकदम ताजा हाय!"

"मग ते त्याला ओळखणार कसं? ते तयार झालं तेव्हा हा जन्मालाच आला नव्हता. कुठल्या सॉफ्टवेअरला कुठला कंपायलर चालतो त्याचा तक्ता असतो. तो वाचलाय का?"

तक्ता मी बघितला होता. वाचला नव्हता, तो मुद्दा वेगळा. तक्त्यात लिहिलं होतं, कंपायलर जुनाच पाहिजे, आणि त्याच्या जोडीला प्रोग्रॅम लिहायचं एक जुनं पॅकेजही पाहिजे. शिवाय आधी पॅकेज, मग कंपायलर. मानपान आहे त्यांच्यातही, क्रम चुकला तर एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत. माझा अर्थातच चुकला. सगळं उपटून काढलं, परत नीट बसवलं. आता दुभाषी सापडला, तर लिंकर हरवला! लिंकर म्हणजे भाषांतराचे तुकडे जोडणारा गडी. तो त्या पॅकेजमध्येच असतो, पण बसवताना एका चौकोनात टिक करावी लागते, आणि मी "नको ती जादाची भानगड" म्हणून ती सोडली होती. टिक केली. मग सॉफ्टवेअरच्या आयकॉनमध्ये कंपायलरचा पत्ता सांगणारी एक ओळ घातली (ओळ मॅडमची, टायपिंग पूर्ण माझं). आणि पडद्यावर उमटलं, तपासणी पास! मी अशी शिट्टी मारली की भट्टीवरचा केरबा पळत आला. त्याला वाटलं, लोखंड सांडलं.

तर सांगायचं काय, उद्यमनगरात आता कुणाचा कंपायलर अडला तर त्यानं बेलाशक माझ्याकडं यावं. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
सयाजी

ता. क. उत्तर काय आलं ते लिहायचं राहिलं. माझा मोठा रायझर घालून बघितला. पोकळी जागच्या जागी. मग घाबरत घाबरत विजूची वाट घालून बघितली. पोकळी तिथंच! मॅडम म्हणाल्या, बॉडीच्या दोन भिंती मिळतात तिथं लोखंड जाड झालंय, ते सगळ्यात शेवटी निवतंय. साच्यात त्या जागी लोखंडाचा थंड तुकडा बसवा, म्हणजे तिथलं लवकर निवेल. पडद्यावर बसवला, पोकळी गेली.

ता. ता. क. पडद्यावरची गेली. खऱ्या साच्यात तो तुकडा मी काल स्वतः बसवायला गेलो, तर वाळूचा अख्खा साचाच ढासळला. तसला हात विजूचाच. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, आवरून बस. तू एकटीच त्याच्या घरात जा. आधी म्हण, "विजू, कॉम्प्युटर म्हणतोय तू चुकलास." तो उड्या मारेल, मारू दे. दमला की सांग, "सयाजीपण चुकला." मग तो हसेल. हसला की खिडकीतनं मला हाक मार. मी खाली रस्त्यावरच असेन.