नकाशातला रविवार

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नगरपरिषदेच्या सभागृहात सुधारित विकास आराखडा लावला. पुढची वीस वर्षं, चार रंगांत! सगळं गाव नकाशाला नाक लावून उभं — जो तो आपलं घर शोधतोय. मीही शोधलं. सापडलं, शाबूत आहे. मग घरामागचं आठवडी बाजाराचं मैदान पाहिलं. त्यावर लिहिलंय — 'मोकळी जागा'. प्रस्तावित : वाहनतळ आणि व्यापारी संकुल.
मोकळी? दर रविवारी तिथून आमच्या घरात कोथिंबिरीचा वास येतो.

५ फेब्रुवारी
हरकतींना महिनाभर मुदत. पुंडलिकरावांच्या प्लॉटवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. त्यांची हरकत : 'गावातील मुलांना खेळाची आवड नाही.' साप्ताहिकातल्या माझ्या सदराचा विषय आयता मिळाला. पोट धरून हसलो.

९ फेब्रुवारी, रविवार
कुंताबाई मैदानाच्या कोपऱ्यावर तीस वर्षं भाजी विकते. तिला नकाशाचं सांगितलं.
"मोकळी? मंग मी काय हवेवर बसून राह्यली का?"
शेजारची म्हणाली, "तुले मोकळी म्हनाची कोनाची हिंमत हाय वो!" हसणं झालं. मग कुंताबाईनं हळूच विचारलं, "सर, खरंच उठवतीन का आमाले?"

११ फेब्रुवारी
आराखडा करणाऱ्या कंपनीची आकांक्षा भेटली. नागपूरची, हुशार पोरगी.
"सर, आम्ही तीनदा पाहणी केली. मैदान रिकामंच होतं."
"कोणत्या वारी?"
"मंगळवार, बुधवार… एकदा शुक्रवार."
"आणि रविवारी?"
"रविवारी सुट्टी असते ना!"
इतक्या निरागसपणे म्हणाली की मला रागावताच आलं नाही. वीस वर्षांपुढचं दिसतं यांना, रविवार तेवढा दिसत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
आकांक्षा आली! सुट्टी मोडून, वही घेऊन. कुंताबाईनं तिला पोत्यावर बसवलं. "बस वो माय. लिहून घे. आन् कागदावर मले येथीच बसवजो, त्या गोबीवालीच्या मांगं नको."
मोजून दोनशे बारा दुकानं भरली. पोरगी मेथीच्या दोन जुड्या घेऊन बस पकडायला धावली.

१९ फेब्रुवारी
सगळ्यांच्या वतीनं हरकत मीच लिहिली. सह्या, अंगठे, एक तेलाचा डाग. कोकिळा वाचून म्हणाली, "बायकोले कधी दोन ओळी लिहिल्या नाई, अन् भाजीबाजाराले चार पानं!"

१२ मार्च
सुनावणी. मी भाषण पाठ करून गेलतो. कुंताबाईनं बोलूच दिलं नाही. साहेबांना म्हणाली, "तुमी काल वांग्याची भाजी खाल्ली का नाई? मंग ते वांगं कोठून आलं?" साहेबांनी कागदावर 'वांगं' लिहून घेतलं. मी पाठ केलेलं भाषण तसंच घरी परत आणलं.

२८ मार्च, शुक्रवार
जिंकलो! सुधारित नकाशात 'आठवडी भाजीबाजार — कायम'. पेढे आणले.
संध्याकाळी आकांक्षाचा फोन. आवाज बारीक. "सर, कायमच्या बाजाराला बारा मीटरचा पोचरस्ता लागतो. त्याशिवाय बाजार मंजूरच होत नाही. दुसरीकडून निघत नाही, सगळं करून पाहिलं." रस्त्याची रेघ आमच्या घरातून जाते. पुढच्या दोन खोल्या. एकीत माझी पुस्तकं, दुसरीत कोकिळाची शिवणमशीन.
या बदलावर हरकतीला पंधरा दिवस.
कोकिळा म्हणाली, "वीस वर्षांचा आराखडा हाय ना? मग वीस वर्षं तर काई होत नाई. चहा घ्या."
चहा घेतला. ती बराच वेळ रिकाम्या मशीनचं पायडल मारत बसली होती.

१ एप्रिल
कोणी गंमत केली असेल, तर अजून सांगायला आलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार
कुंताबाईला रस्त्याचं ठाऊक नाही. "आता आमचं नाव कागदावर चढलं, सर. आता कोनी उठवत नाई. तुमचं तोंड काऊन उतरलं?"
म्हटलं, "ऊन."
या आठवड्याचं सदर लिहिलं नाही. काही सुचलं नाही — असं संपादकाला कळवलं. सुचत खूप होतं.

१३ एप्रिल, रविवार
शुक्रवारी हरकत दिली. माझी एकट्याची. विषय : पोचरस्ता रद्द करणेबाबत. रस्ता गेला की बाजारही जातो, हे त्यात लिहिलं नाही.
आज कुंताबाईनं पिशवीत वांगी टाकली — "तुमच्यासाठी निवडून ठेवलेत, सर."
घेतली.